दुसरी चावी

त्यानं पातेल्यावरचं झाकण उचललं.

गॅसवर कालवण शिजत होतं. शेजारी माझी माय उभी होती, हातात पळी धरून. त्यानं तिला विचारलं नाही. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दोन बोटांनी झाकण उचललं, वाकून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"सुकट हाय का?"

"व्हय सायेब," माय म्हणाली.

"मालकांना हा वास चालत न्हाई. बिल्डिंगमधी चांगली लोकं ऱ्हात्यात."

चांगली लोकं. मग आम्ही कोण, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

हा दीपक. आमच्या बिल्डिंगचा मॅनेजर. बिल्डिंग मोशीत, मालक राहायला प्राधिकरणातल्या बंगल्यात. त्यांच्या वतीनं भाडेकरू आणायचे, भाडं गोळा करायचं, पाणी सोडायचं, खोल्या तपासायच्या, हे सगळं दीपक करायचा. मोशीतल्याच जुन्या घराण्यातला. बिल्डिंग उभी आहे ती जमीन एके काळी त्यांचीच होती म्हणे. सगळे त्याला दीपकदादा म्हणायचे. त्याच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा.

पायात बूट होते त्याच्या. थेट ओट्यापर्यंत बूट. मायनं नुकतीच फरशी पुसली होती, तिच्यावर ठसे उमटले. झाकण त्यानं तसंच तिरकं टाकलं आणि आतल्या खोलीत गेला. मी मागं मागं. त्यानं कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात माझे कंपनीचे कपडे, मधल्या कप्प्यात मायची लुगडी, खालच्या कप्प्यात आमच्या दोघींचे आतले कपडे. त्यानं मोबाइल काढला आणि फोटो घेतला. वरपासून खालपर्यंत.

मी म्हणाले, "सर, कपाटाचा फोटो कशाला?"

"कपाट मालकांचं हाय. वाळवी लागली का बघाय नको?"

कपाट लोखंडी होतं.

मी म्हणाले, "हो सर."

मग तो भिंतीसमोर थांबला. गावाकडं आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात जो फोटो असतो, तो आम्हीही लावला होता. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. दीपकनं फोटोकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"आडनाव काय म्हणालात तुमचं?"

आडनाव त्याला माहीत होतं. करारावर सही त्याच्यासमोरच झाली होती. तरी मी पुन्हा सांगितलं. तो "हं" म्हणाला आणि निघून गेला. जाताना दार ओढून घेतलं नाही.

मायनं झाकण नीट केलं. फडकं घेतलं आणि फरशी परत पुसायला बसली. मी कपाटातले कपडे काढून परत घडी घालत बसले. कुणी हात लावला नव्हता त्यांना. तरी परत घडी घातली.

आम्ही हिंगोलीकडच्या. गाव लहान, आमची वस्ती गावाबाहेर. बाप दुसऱ्यांच्या रानात राबायचा. मी आयटीआय केलं आणि एका मैत्रिणीच्या ओळखीनं चाकणला आले. महाळुंग्याच्या एका कंपनीत लागले. गाड्यांमध्ये बसवायच्या वायरींचे जुडगे आमच्या लाइनवर तयार होतात. सुरुवातीला महाळुंग्यातच पोरींबरोबर पत्र्याच्या खोलीत राहिले. उन्हाळ्यात भिंतीला पाठ टेकवता येत नव्हती. पण आम्ही सगळ्या सारख्याच होतो, त्यामुळं चाललं.

मग बाप गेला. माय गावात एकटी पडली. तिला इकडं आणायचं ठरवलं आणि मी खोली शोधायला निघाले. तेव्हा कळलं या पट्ट्यात खोली शोधणं म्हणजे काय असतं.

"मिस्टर कुठं असतात?"

"लग्न नाही झालं."

"मग राहणार कोण?"

"मी आणि माय."

"आडनाव?"

आडनाव सांगितलं की खोली आत्ताच गेलेली असायची. कुठं मालकाचा भाऊ गावाहून येणार असायचा. कुठं रंगकाम निघालेलं असायचं. चऱ्होली बघितली, डुडुळगाव बघितलं, आळंदीच्या रस्त्याला बघितलं. बसमधून जाताना दिसायचं, 'खोली भाड्यानं देणे आहे' ही पाटी अजून तिथंच लोंबतेय.

शेवटी मोशीची ही खोली मिळाली. तिसरा मजला, एक खोली, स्वयंपाकघर, आत न्हाणीघर. दीपकनं एकच चावी हातात दिली. मी विचारलं, "दुसरी?"

"दुसरी आमच्याकडं ऱ्हाती. इमर्जन्सीला."

मी मान हलवली. खोली मिळाली होती. त्या दिवशी त्यानं काहीही सांगितलं असतं तरी मी मान हलवली असती.

गावात आमच्याकडं न्हाणीघर नव्हतं. घरामागं तट्ट्याचा आडोसा. माय जन्मभर अंगावर लुगडं ठेवून, घाईघाईनं, दिवस उजाडायच्या आत आंघोळ करत आली. मोशीला आली त्या दिवशी न्हाणीघरात गेली ती बाहेर येईचना. पाण्याचा आवाजही थांबलेला. मी घाबरून दार वाजवलं.

आतून म्हणाली, "थांब गं बाई. जराशी बसू दे."

पडली नव्हती, काही नाही. आंघोळ झाली होती. कडी लावून नुसती बसली होती. आपल्याला कुणी बघत नाही, एवढंच उपभोगत बसली होती.

पहिल्या तपासणीनंतर दीपक मला विचारून कधी आलाच नाही. मी पहिल्या शिफ्टला गेले की यायचा. कधी पाण्याची टाकी भरून वाहतेय म्हणून. कधी मीटर बघायला. कधी नुसतंच "इन्स्पेक्शन". दार वाजवायचा नाही. कुलपात चावी फिरायची आणि तो आत उभा. मायला आधी वाटलं, शहरात असंच असेल. तिनं मला बरेच दिवस सांगितलं नाही. मला कळलं ते गादीवरून. गादी भिंतीपासून सरकलेली.

"माय, गादी कुणी हलवली?"

"ते सायेब आलते. भिताडाला वल हाय का बघाय."

"तू कुठं होतीस?"

"निजले व्हते. उठून हुबी ऱ्हायले."

त्यानं झोपलेल्या म्हातारीला उठवलं आणि तिची गादी ओढून भिंत बघितली.

त्यानंतर माय बदलली. दुपारची आडवी होईना. सकाळी उठल्या उठल्या आंघोळ उरकून, डोक्यावर पदर घेऊन, दाराकडं तोंड करून बसायची. आपण पाहुणे म्हणून कुणाकडं गेल्यावर अवघडून बसतो, तशी. सुकट आणायची बंद झाली. कपडे बाल्कनीत वाळत घालेना, आतच दोरी बांधली. लुगड्यांना कुबट वास यायला लागला. एक दिवस कामावरून आले तर भिंतीवर नुसता खिळा.

"फोटो कुठाय?"

"पेटीत ठेवलाय. कापडात गुंडाळून नीट ठेवलाय."

"काहून?"

ती माझ्याकडं बघेना. म्हणाली, "तो आला की तिथंच हुबा ऱ्हातो बघत. आपल्याला दुसरी खोली कोण देणार, बाई?"

त्या फोटोसाठी माझ्या बापानं गावात मार खाल्ला होता. आणि इथं कुणी हातही उचलला नव्हता. नुसतं बघितलं होतं. तेवढ्यानं फोटो पेटीत गेला.

कंपनीच्या गेटवर आमची झडती होते. बाई गार्ड खिसे चाचपते, डबा उघडून बघते. त्याचा मला राग येत नाही, कारण ती मालाची राखण असते आणि झडती झाली की मी घरी जाते. पण इथं घरातच झडती. इथून कुठं जायचं?

मी दीपकला फोन केला. सांगितलं, मी घरी असताना या, आधी कळवा.

"ताई, तुमची आई एकटी आसती. काळजीनं बघाय येतो. आन् पटत नसंल तर खोली सोडा. खाली लाइन लागलीय."

लाइन खरंच होती. त्याला ते माहीत होतं आणि मलाही.

मग मी रविवारी मालकांकडं गेले, प्राधिकरणात. मालक एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, मॅडम शाळेत मुख्याध्यापिका होत्या. बंगल्यापुढं कुंड्या. मॅडमनी मला पोर्चमधल्या खुर्चीवर बसवलं. दोघंही गोड बोलले. कुणी आवाज चढवला नाही. मी सगळं सांगितलं. पातेलं, कपाट, गादी.

मॅडम म्हणाल्या, "अगं, आमचं घर आहे ते. आम्ही बघायला नको का?"

"बघा मॅडम. पण सांगून या. माय एकटी असते."

साहेब हसले. समजूत घालावी तसं म्हणाले, "एक सांग मला. तुमच्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?"

खरंच काय होतं आमच्याकडं? दोन गाद्या, चार भांडी, एक पेटी. त्या क्षणी मला वाटलं, ज्याच्याकडं काही नाही त्याला दार लावायचाही हक्क नसतो की काय.

मॅडम पुढं म्हणाल्या, "आणि खरं सांगू? तुम्हा लोकांना इतक्या चांगल्या बिल्डिंगमध्ये सहसा कुणी देत नाही. आम्ही तसलं काही मानत नाही म्हणून दिली."

मी उठले. त्यांच्या बैठकीच्या खोलीला जाड पडदे होते, पोर्चमधून आतलं काही दिसत नव्हतं. मी पायातली चप्पल नीट केली आणि बसस्टॉपवर आले.

त्या पावसाळ्यात न्हाणीघराचं दार फुगलं आणि कडीचे स्क्रू निघाले. कडी हातात आली. मी दीपकला सांगितलं. तो तपासणीला आला तेव्हा ती कडी बघून गेला. तिचाही फोटो काढला. दुरुस्त केली नाही. मी स्वतः बसवायला गेले तर म्हणाला, मालकांच्या दाराला भोकं पाडायची नाहीत. तेव्हापासून माय दाराला आतून भरलेली बादली लावायची.

मग तो दिवस आला. माझी तिसरी शिफ्ट चालू होती. सकाळी घरी आले, चहा प्यायले आणि आडवी झाले. माय म्हणाली, "तू घरात हायस तर आज जरा निवांत न्हाते. केस धुते."

मला लगेच झोप लागली. जाग आली ती आवाजानं. बादली फरशीवर घासत सरकल्याचा आवाज. त्याच्या आधीचं बोलणंही कानावर पडलं असणार, कारण ते मला आठवतं.

"आन् हे बाथरूम. टाइल्स बघा, पार छतापर्यंत."

मग बादली.

मग माझ्या मायचा आवाज. "माफ करा सायेब. मला म्हाईत नव्हतं."

ती माफी मागत होती. अंगावर एक चिंधी नसलेली माझी म्हातारी माय, दार ढकलून आत बघणाऱ्या माणसाची माफी मागत होती. आपण तिथं होतो म्हणून.

"आसू द्या मावशी, आसू द्या," दीपक म्हणाला. आवाजात हसू होतं. मग कुणाला तरी म्हणाला, "म्हातारं माणूस, ऐकू येत न्हाई."

मी उठून धावले. दीपकबरोबर एक जोडपं होतं. वरच्या मजल्यावरची अशीच खोली रिकामी होणार होती, त्यांना ती हवी होती. वरच्यांचा पसारा पडला होता म्हणून त्यानं नमुना म्हणून आमची दाखवायला आणली. आमची स्वच्छ असते म्हणून. हे त्यानंच नंतर सांगितलं, जणू कौतुक करत होता.

न्हाणीघराचं दार अर्धं उघडंच होतं. माय कोपऱ्यात पाठ करून बसली होती, गुडघे छातीशी धरून. केसांतून पाणी गळत होतं. लुगडं समोरच्या खुंटीवर, तिचा हात पोचत नव्हता. मी आत गेले, लुगडं तिच्या अंगावर टाकलं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"गप ऱ्हाय बाई. खोली जाईल."

अशा वेळीही तिला चिंता खोलीची. ही चिंता तिला कुणी लावली, ते मला त्या वेळी लख्ख दिसलं. नुसत्या दीपकनं नाही. नाक मुरडणाऱ्यानं, पाटी लटकत ठेवून खोली गेली म्हणणाऱ्यानं, पोर्चमध्ये बसवून गोड बोलणाऱ्यानं. आणि 'हो सर' म्हणणं हाच शहाणपणा, असं आम्हाला पिढ्यानपिढ्या शिकवणाऱ्यांनी.

मी मनगट सोडवून घेतलं. बाहेर आले, दार ओढून घेतलं.

"दीपक," मी म्हणाले. दादा नाही. सर नाही. "बाहेर व्हा."

"कुणाशी बोलतीस तू?"

"तुमच्याशी. खोलीच्या बाहेर व्हा."

"घर तुझ्या बापाचं हाय का?"

"नाही. माझा बाप मेला. घर मालकांचं आहे. आत बसलीय ती माझी माय आहे. ती कुणाला भाड्यानं दिलेली नाही."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. जोडप्यातली बाई भिंतीकडं तोंड करून उभी होती. तिचा नवरा आधीच दाराबाहेर गेला होता. दोघं भराभर जिना उतरून गेले. दीपक मात्र जागचा हलला नाही. कंबरेवर हात ठेवून हसत उभा राहिला. म्हणाला, "आसं करा, महिना संपला की सामान उचला."

मी त्याच्या बाजूनं दाराबाहेर गेले. आणि मला दिसलं. चावी कुलपातच होती. एकटी नव्हती. अख्खा जुडगा लोंबत होता. बिल्डिंगमधल्या प्रत्येक खोलीची चावी, प्रत्येकीला पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर खोलीचा नंबर.

मी जुडगा ओढून काढला.

त्याचं हसू गेलं. "ए. चावी दे."

मी जिना उतरायला लागले. तो मागं. "चोरी हाय ही. पोलिसात देईन." मी दुसऱ्या मजल्यावरचं पहिलं दार वाजवलं. तिथं सोलापूरकडचा एक फिटर आणि त्याची बायको राहायचे. बायकोनं दार उघडलं. मी तिच्या खोलीची चावी जुडग्यातून काढून तिच्या हातात ठेवली.

"ही तुमच्या घराची दुसरी चावी. तुमच्याकडं ठेवा."

तिनं माझ्याकडं बघितलं, मागं उभ्या दीपककडं बघितलं. मूठ मिटली. आतून नवरा म्हणाला, "परत दे ती. कशाला भानगड?" तिनं मूठ उघडली नाही. दार लावून घेतलं. आत तिचं काय झालं मला माहीत नाही.

पुढचं दार एका म्हाताऱ्या गृहस्थांचं. त्यांनी हात जोडले. "नको पोरी. आम्हाला इथं राहायचंय." त्यांची चावी मी त्यांच्या उंबऱ्यावर ठेवली.

पहिल्या मजल्यावर कंपनीतल्या पोरी राहायच्या. दार सुप्रियानं उघडलं. कोकणातली पोर, माझ्याच बसला असायची. आम्ही रोज एका सीटवर बसायचो आणि यावर कधी एक अक्षर बोललो नव्हतो. तिनं चावी बघितली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, तुमच्याकडं पण येतो?" ती म्हणाली. "मला वाटलं आमच्याकडंच. आम्ही दाराला टेबल लावून झोपतो. सांगायचं कुणाला? घरी सांगितलं तर घरचे परत बोलावून घेतील."

मी तिथं जिन्यातच खाली बसले. इतके महिने मला वाटत होतं, आमच्या आडनावामुळं. ते होतंच. आमचं पातेलं उघडलं गेलं ते आडनावामुळंच. पण या पोरींचं आडनाव वेगळं होतं आणि तरी टेबल त्यांच्याही दाराला होतंच. प्रत्येक दारामागं कुणीतरी गप्प बसलं होतं. प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच. आमचं गप्प बसणं हीच त्याची खरी चावी होती. लोखंडाची नंतर.

दीपक वरच्या पायरीवर उभा राहून मालकांना फोन लावत होता. मी उठले आणि उरलेल्या चाव्या ज्याच्या त्याच्या दारी पोचवल्या.

मालक तासाभरात गाडी घेऊन आले. खाली पार्किंगमध्ये बैठक बसली. साहेब अजूनही गोडच. "दीपकचं चुकलं. तो माफी मागेल. तू चाव्या परत दे. विषय संपव."

मी म्हणाले, "माफी मायची मागायची. दाराबाहेर उभं राहून. आणि चाव्या मिळणार नाहीत."

दीपक वर आला. दाराबाहेर उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "मावशी, चुकून झालं."

माय आतून म्हणाली, "जाऊ द्या सायेब."

सायेब. तेव्हाही सायेब.

मी संध्याकाळी पोलीस चौकीत गेले. सुप्रिया माझ्याबरोबर आली. हवालदार म्हणाला, "ताई, चुकून दार उघडलं गेलं असेल. त्यात तक्रार काय लिहायची? उलट चाव्या तुम्ही हिसकावल्या. तोच तुमच्यावर तक्रार देईल."

"देऊ दे. आधी माझी लिहा."

"शिकलेल्या दिसता. समजून घ्या."

"माझी लिहा."

बसून राहिलो. शेवटी त्यानं लिहून घेतली. चौकशी करू म्हणाला. ती चौकशी अजून चालू आहे असं सांगतात. दीपक अजून बिल्डिंगचा मॅनेजरच आहे. आता दुसऱ्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांकडं आणि अजून काही खोल्यांमध्ये तो पूर्वीसारखाच जातो, कारण त्यांनी चाव्या त्याला नेऊन दिल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. भीती काय असते मला माहीत आहे. आमच्या आणि पोरींच्या दाराचं कुलूप आम्ही बदललं. आमच्याकडं यायचं तर तो खालून फोन करतो. मी घरी असले आणि मला वेळ असला तर ये म्हणते. बूट बाहेर काढायला लावते. फोटो पेटीतून काढून परत खिळ्यावर लावलाय.

ते जोडपं आमच्या वरच्याच खोलीत राहायला आलं. मी त्या बाईला विचारलं होतं, तुम्ही बघितलंत, चौकीत सांगाल का? ती म्हणाली, "आम्हाला खोलीची गरज आहे हो ताई. यात नका ओढू." जिन्यात भेटली की आता ती मोबाइलमध्ये बघते.

आणि माय गावी गेली.

मी खूप समजावलं. कडी नवी बसवली, मालकांच्या दाराला भोकं पाडून बसवली. बघ, लाव, कुणी येणार नाही. ती न्हाणीघरात जाईचना. गेली तरी लुगडं अंगावर ठेवूनच पाणी घ्यायची. एक दिवस म्हणाली, मला गाडीत बसवून दे. आता ती परत तट्ट्याच्या आडोशाला आंघोळ करते. मी फोनवर विचारलं, तिथं तुला बरं वाटतं? म्हणाली, "हितं माणूस लांबून खाकरतो गं. मंग म्होरं येतो."

एवढंच. एक खाकरणं. तेवढंही या शिकल्यासवरल्या शहरात माझ्या मायच्या वाट्याला आलं नाही.

ती अजून म्हणते, मिटवून टाक, पाया पड, खोली जाईल. खोली जाणारच आहे. करार संपत आलाय आणि मालकांनी नवा करायला नकार दिलाय. कारण सांगितलं नाही. मोशीतल्या दलालांना मी माहीत झालेय, 'ती चाव्यावाली' म्हणून. माझं आडनाव विचारायच्या आधीच फोन ठेवतात. लाइनवरच्या बायका म्हणतात, जरा नमतं घे, तुझं काय गेलं असतं?

साहेबांनी विचारलं होतं, लपवण्यासारखं काय आहे. त्याचं उत्तर आता माझ्याकडं आहे. माझं जगणं आहे. माझ्या मायचं म्हातारं अंग आहे. आमच्या पातेल्यात काय शिजतं आणि आमच्या भिंतीवर कोण आहे, ते आहे. ते लाजेनं लपवत नाही मी. ते माझं आहे म्हणून दार लावते.

तक्रार मी मागं घेणार नाही. चौकशीला बोलावतील तेव्हा जाईन, सगळं सांगेन, बादली सरकल्याच्या आवाजासकट. नाही बोलावलं तर स्वतः जाऊन बसेन.

पुढची खोली मिळेल किंवा नाही मिळणार. मिळाली तर दलाल आडनाव विचारेल. मी सांगेन, मोठ्यानं. मग मी विचारीन, दुसरी चावी कुणाकडं राहणार? आणि ती माझ्या हातात पडत नाही तोवर टेम्पोतून एक भांडं खाली उतरवणार नाही. संध्याकाळ होऊ दे. टेम्पोवाला ओरडू दे. सामानावर बसून राहीन.